रात्रभराचं नाटक, तीन मिनिटांची तबकडी: मूळ नटांची नाट्यपदं ऐकायला लागताना

‘बालगंधर्व’ चित्रपट २०११ साली आला, ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ साली आणि ‘संगीत मानापमान’ २०२५च्या जानेवारीत. पडद्यावरची गाणी आवडली म्हणून मूळ आवाज शोधायला निघालेले श्रोते बहुधा एकाच ठिकाणी अडतात. बालगंधर्वांची तबकडी लावली की आधी खरखर, मग कुठून तरी लांबून येणारा तबला, त्यावर कानाला अनोळखी असा पातळ आवाज, आणि जरा कुठे जीव रमतोय तोवर पद संपलेलं. ‘एवढं काय होतं यात?’ म्हणत माणूस परत चित्रपटातल्या गाण्याकडे वळतो.

यात कानाचा दोष नाही आणि तबकडीचाही नाही. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत लांबणारं पद तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावं लागे. प्रवेश गेला, समोरचं पात्र गेलं, प्रेक्षकांची दाद गेली. उरलं ते एक टिपण. टिपण नुसतं वाचलं तर कोरडं लागतं. ज्या प्रसंगावरून ते घेतलं तो माहीत असेल तर त्यातली एकेक खूण बोलायला लागते. हा प्रसंग पदाला परत कसा जोडायचा, आणि खरखरीतून आवाज कसा वेगळा काढायचा, ते क्रमाने पाहू.

पायरी १: ‘मूळ’ म्हणजे नक्की कोणतं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘शाकुंतल’ १८८० साली आलं, ‘सौभद्र’ १८८२ साली. या नाटकांतले गाजलेले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि भारतातलं पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात झालं. म्हणजे ज्यांच्या गळ्याने ही पदं गाजवली, त्या भाऊरावांचा आवाज कुठल्याच तबकडीवर सापडणार नाही. ‘सौभद्र’चं ‘ओरिजनल रेकॉर्डिंग’ असं कुणी म्हणालं तर ते फार तर नंतरच्या पिढीतल्या एखाद्या नामवंत नटाचं असतं. छोटा गंधर्वांचा कृष्ण हे त्याचं उत्तम उदाहरण. ऐकायला जरूर ऐका, पण ‘मूळ’ म्हणून नको.

‘मानापमान’ १९११चं. तेव्हा तबकड्या होत्या. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. पण आज धैर्यधराची पदं म्हटली की लोकांच्या कानात मास्टर दीनानाथ वाजतात. दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी निघाली १९१८ साली. त्यांनी ‘चंद्रिका ही जणू’सारख्या पदाला दिलेला झपाटा त्यांचा स्वतःचा आहे, १९११च्या प्रयोगातला नाही. पहिला आवाज आणि गाजलेला आवाज यांत असं अंतर अनेकदा पडतं, आणि दोन्ही ऐकण्याजोगे असतात. फक्त कोणता कोणाचा हे ठाऊक हवं.

हाती आलेलं ध्वनिमुद्रण चारपैकी एका प्रकारात बसतं. भूमिका करणाऱ्या नटाने त्या काळात दिलेलं, हे पहिलं. त्याच नटाने पुष्कळ वर्षांनी पुन्हा गायलेलं, हे दुसरं. भूमिकेशी संबंध नसलेल्या गवयाने मैफलीत किंवा रेडिओवर रंगवलेलं, हे तिसरं. आणि चित्रपटासाठी नव्याने केलेलं, हे चौथं. ‘बालगंधर्व’ चित्रपटातला आवाज आनंद भाटे यांचा आहे. हे सांगायचं कारण असं की नाव ‘बालगंधर्व’ दिसलं की नवा श्रोता त्यालाच मूळ समजून बसतो. ‘कट्यार’च्या बाबतीत ‘सूर निरागस हो’, ‘मनमंदिरा’, ‘यार इलाही’ ही चित्रपटासाठी केलेली गाणी. १९६७च्या नाटकात ती शोधू नका.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. लांबी पावणेतीन ते सव्वातीन मिनिटं आणि एकसारखी खरखर असेल तर ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी. साथीला ऑर्गन किंवा पायपेटी, तबला, कधी सारंगी. व्हायोलिनांचा ताफा किंवा कीबोर्ड ऐकू आला तर ते पुष्कळ नंतरचं. पद दहा-पंधरा मिनिटं चाललं आणि मध्ये ‘वाहवा’ ऐकू आली तर मैफल. शिवाय नाटकाचं साल म्हणजे तबकडीचं साल नव्हे. ‘स्वयंवर’ १९१६चं आहे म्हणून त्यातल्या पदाची प्रत्येक तबकडी १९१६ची ठरत नाही. नट त्याच पदासाठी पुढे कित्येक वर्षांनी पुन्हा रेकॉर्ड कंपनीच्या खोलीत गेलेला असू शकतो, आणि तेव्हाचा गळा वेगळाच असतो.

पायरी २: इतिहास उलटा ऐका

पुस्तकं १८८०पासून सुरू होतात म्हणून ऐकणंही तिथून सुरू करायचं, ही चूक भलतीच महाग पडते. आधी चांगलं ध्वनिमुद्रण, मग मागे. कान हळूहळू तयार होतो आणि ज्या दिवशी १९२०-३०च्या तबकडीशी गाठ पडते त्या दिवशी खरखर अडवत नाही.

सुरुवात ‘कट्यार काळजात घुसली’पासून करा. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७चा. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकर म्हणजे भार्गवराम आचरेकर, झरिना म्हणजे फैयाज. तिघांनाही गाता येत होतं आणि तिघंही भूमिकेतून गात होते. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, शब्द कळतात. पहिल्या बैठकीला चारच पदं घ्या: ‘या भवनातील गीत पुराणे’, ‘तेजोनिधी लोहगोल’, ‘घेई छंद मकरंद’ आणि ‘सुरत पिया की’. वीस-पंचवीस मिनिटांत थांबा. एका दमात बारा-पंधरा पदं ऐकली की सगळ्या ताना एकसारख्या वाटायला लागतात, आणि मग ‘नाट्यसंगीत म्हणजे नुसत्या ताना’ हे मत कायमचं बनतं.

दुसऱ्या बैठकीला ‘मत्स्यगंधा’, १९६४. वसंत कानेटकरांचं नाटक, संगीत पुन्हा अभिषेकींचं. रामदास कामतांचा पराशर आणि आशालता वाबगावकरांची सत्यवती. ‘गुंतता हृदय हे’, ‘गर्द सभोवती रान साजणी’, ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’, ‘अर्थशून्य भासे मज’. ‘कट्यार’मध्ये गाणं हा नाटकाचा विषयच आहे, इथे ते पात्राच्या मनातलं बोलणं आहे. हा फरक लागोपाठच्या दोन बैठकांत चटकन लक्षात येतो.

तिथून एक उडी मागे, ‘कुलवधू’कडे. साल १९४२, मास्टर कृष्णरावांच्या चाली, ज्योत्स्ना भोळ्यांचा आवाज. ‘बोला अमृत बोला’ आणि ‘क्षण आला भाग्याचा’ ही दोन पुरेत. इथे तीन मिनिटांच्या मापाची सवय होते आणि आवाज अजून ओळखीच्या वळणाचा असतो. मग दीनानाथ: ‘रणदुंदुभी’तलं (१९२७) ‘परवशता पाश दैवे’. आणि त्यानंतर बालगंधर्व. त्यांच्यातही आधी ‘कान्होपात्रा’तली (१९३१) ‘अगा वैकुंठीच्या राया’ आणि ‘जोहार मायबाप’ घ्या, कारण अभंगाचे शब्द आपल्या तोंडात असतात. ‘स्वयंवर’ आणि ‘मानापमान’ त्याच्या पुढे.

एवढ्याला आठवड्याला दोन बैठका धरल्या तर साधारण महिना जातो. घाई करायचं काही कारण नाही.

पायरी ३: पदाच्या आधीचं वाक्य शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक हीच पाडते. नाटकाची संहिता मिळवा. खाडिलकर, देवल, किर्लोस्कर यांची नाटकं वाचनालयात मिळतात. सगळं नाटक वाचायची गरज नाही; पद ज्या प्रवेशात आहे तो एक प्रवेश पुरे, दहा-पंधरा मिनिटांचं काम. वाचताना चार गोष्टी कागदावर लिहा: कोण गातंय, कोणाला उद्देशून, पदाच्या लगेच आधीचं वाक्य काय, आणि पद संपल्यावर काय होतं.

‘सौभद्र’चीच तीन पदं घ्या. ‘वद जाऊ कुणाला शरण’ सुभद्रा म्हणते, कारण बलरामदादाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय आणि मन अर्जुनावर आहे. ‘प्रिये पहा’मध्ये कृष्ण रुक्मिणीला उजाडत आल्याचं दाखवतो. ‘नच सुंदरी करू कोपा’ ही रुसलेल्या बायकोची समजूत आहे. नुसती गाणी म्हणून ऐकली तर पहिलं ‘करुण’, दुसरं ‘गोड’, तिसरंही ‘गोड’. प्रसंग कळल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पदातला खट्याळपणा ऐकू येतो; गोडवा मनापासून आहे की काम साधण्यापुरता, हे गळ्यातून कळतं.

‘या भवनातील गीत पुराणे’चं तर सगळं नाटकच पुढच्या-मागच्या प्रसंगात आहे. राजगायकपद मिळालेले खाँसाहेब पंडितजींच्या हवेलीत पाऊल टाकतात आणि तिथल्या मवाळ, हळव्या सुरांना बाहेरची वाट दाखवतात. जिंकलेल्या माणसाचा हा ताठा ठाऊक नसेल तर वसंतरावांची झोकून देणारी तान नुसती ‘तयारी’ वाटते. तिथे ती तयारी नाही, अपमान आहे.

बालगंधर्वांच्या पदांआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हा पुरुषाचा आवाज आहे आणि तो भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून गातोय. बाईचा आवाज काढायचा प्रयत्न त्यात नाही. स्वर मुळातच उंच आणि गोड होता, तोच लावलाय. नकला करणाऱ्यांनी बालगंधर्वांचं जे नाजूक सोंग रूढ केलंय ते डोक्यातून काढल्याशिवाय मूळ तबकडी नीट ऐकू येत नाही.

पायरी ४: एक पद तीनदा

पहिल्यांदा काहीही न करता सरळ ऐका. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. तिसऱ्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त साथ ऐका. हा क्रम बदलू नका. शब्द हातात घेऊन पहिल्यांदा ऐकलं की डोळे वाचतात आणि कान सुटी घेतात.

दुसऱ्या फेरीत काय पाहायचं? ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं पद घ्या, राग बिहाग, चाल भास्करबुवा बखल्यांची:

मम आत्मा गमला हा,
नकळत नवळत हृदय तळमळत,
भेटाया ज्या देहा

मधली ओळ हळूच म्हणून पाहा. जवळजवळ सगळी अक्षरं ऱ्हस्व, पाठोपाठ ‘ळ’ आणि ‘त’. जीभ घाईला येते, जसा जीव घाईला आलाय. आणि लगेच ‘भेटाया’, तीनही अक्षरं दीर्घ. घाई संपली, आता ओढ. आता तबकडी लावा आणि या दोन जागी बालगंधर्व काय करतात ते ऐका. ‘स्वयंवर’चे लेखक खाडिलकर यांची शब्दरचना अवघड म्हणून नावाजलेली आहे, पण ती गाण्याला कुठे हात देते हे असं म्हणून पाहिल्यावरच कळतं. शब्द चघळून, जोर देऊन म्हणणं त्यांच्यात नाही. बोलता बोलता सूर लागावा तसा लागतो. म्हणूनच अनुकरण करणाऱ्याची पंचाईत होते.

‘तेजोनिधी लोहगोल’मध्ये उलट आहे. इथे ‘निधी’तला ‘ध’, ‘लोह’तला ‘ह’, ‘भास्कर’चा ‘भा’ यांतला श्वास वसंतराव मुद्दाम फेकतात. राग ललत पंचम. ललताच्या अंगात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात. कान तयार नसेल तर या जागी गायक घसरला की काय असं वाटतं. घसरलेला नाही. हार्मोनियमवर म आणि त्याच्या लगतची तीव्र म अशा दोन पट्ट्या आठ-दहा वेळा एकामागून एक वाजवा आणि मग पद पुन्हा लावा. जे खुपत होतं तेच हवंसं वाटायला लागतं.

‘घेई छंद मकरंद’ला नाटकात दोन चाली आहेत, एक पंडितजींच्या वळणाची आणि एक खाँसाहेबांच्या. शब्द तेच. दोन्ही लागोपाठ ऐका आणि कोणती कोणाची हे न बघता सांगायचा प्रयत्न करा. नाटकातलं सगळं भांडण या एका पदात आहे, त्यामुळे ‘कट्यार’चा एवढाच तुकडा ऐकायचा असेल तर हा ऐका.

तिसरी फेरी साथीची. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष आणि ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे असा काळ होता. अशी साथ गायकाच्या मागे नुसती चालत नाही. ओळ सुटली की ऑर्गन ती भरून काढतो, गायक मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) उचलतो तेव्हा तबला त्याला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडतो. तबकडीत तबला मागे ऐकू येतो त्याचं कारण तांत्रिक आहे, ते पुढच्या पायरीत.

आणखी एक. पुष्कळ तबकड्यांत शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांत लय जराशी चढते, तान आटोपशीर होते, मुखडा झटकन येतो. जागा संपत आलेली असते. रंगभूमीवर तो गायक तिथे थांबला नसता, हे मनात धरून ऐका.

पायरी ५: खरखरीशी जमवून घ्या

१९२५च्या सुमारापर्यंत जगभर ध्वनिमुद्रण भोंग्यातून व्हायचं, मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्याच्या तोंडाशी, साथीदार मागे. सुमारे २५० ते २५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाजच नीट उमटे. तबल्याचा घुमारा त्याच्या खाली राहतो आणि किनारीची धार त्याच्या वर. म्हणून तबला ‘टकटक’ वाजल्यासारखा येतो. पुढे विजेवर चालणारं मुद्रण आलं आणि वरची मर्यादा साधारण ५०००-६००० हर्ट्झवर गेली.

यावरून नेमकं काय करायचं ते ठरतं. जुनं पद लावताना ट्रेबल कमी करा. ६००० हर्ट्झच्या वर बहुतेक फक्त खरखरच आहे, ती गेली तर गाण्याचं काही जात नाही. बेस वाढवू नका, त्याने तबला येत नाही, फक्त तबकडी फिरल्याची घरघर वाढते. कानात घालायच्या छोट्या हेडफोनपेक्षा समोर ठेवलेला एक साधा स्पीकर बरा. हेडफोनमध्ये खरखर डोक्याच्या मधोमध बसते. खोलीत ती मागे सरते. आवाज मध्यम ठेवा.

‘स्वच्छ केलेली’ आवृत्ती मिळाली तर सावध राहा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं की मुरक्यांच्या (गळ्यातल्या छोट्या, झटपट वळणांच्या) कडा आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा वारा त्याबरोबर जातो. मग गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं. अशा आवृत्तीपेक्षा खरखरीची आवृत्ती दहा मिनिटं सोसावी. दहा मिनिटांनी कान तिला आपोआप बाजूला करतो.

पायरी ६: पट्टी तपासा

जालावर फिरणारी बरीच जुनी पदं चुकीच्या वेगाने उतरवलेली आहेत. ७८च्या तबकडीत साधारण साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो, काळी एकचा सा पांढरी दोनवर जातो. वेग वाढला तर आवाज बारीक आणि तान अशक्य वेगाची; ‘केवढी तयारी!’ म्हणून आपण थक्क होतो ती निम्मी तबकडी फिरवणाऱ्या मोटारची असते. वेग कमी असेल तर तोच गायक दमलेला वाटतो.

तपासायला ऑर्गन उपयोगी पडतो, कारण त्याचे सूर बांधलेले असतात. पद चालू असताना हार्मोनियमवर किंवा तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सा शोधा. तो एखाद्या पट्टीवर नीट बसला तर ठीक. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लोंबकळत असेल तर वेगाचा संशय घ्या. ही खूण पक्की नाही, कारण जुन्या ऑर्गनांची जुळणी आजच्या मापाने असेलच असं नाही. म्हणून त्याच गायकाची त्याच काळातली दोन-तीन पदं मिळवा. सगळ्यांचा सा जवळपास एका जागी आणि एकाचाच वेगळा असेल, तर चूक बहुधा त्या एकातच आहे. नंतर सॉफ्टवेअरमध्ये वेग दोन-चार टक्क्यांनी बदला. मात्र ‘पिच’ एकटी बदलणारं बटण वापरू नका, वेग आणि सूर दोन्ही बरोबर सरकायला हवेत.

पायरी ७: खरी तबकडी हाती लागली तर

घरातल्या जुन्या पेटीतून, नाही तर जुन्या बाजारातून. पहिली गोष्ट: लगेच वाजवू नका.

७८ची तबकडी लाखेची असते, तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावायचं नाही. लाख विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. एलपी साफ करायचं तयार द्रावण म्हणूनच इथे चालत नाही. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचांच्या दिशेने गोल. मधला कागद कोरडा ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवली की वाकलीच.

सुई वेगळी लागते. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉनचं, ७८ला लागतं सुमारे ७० मायक्रॉनचं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन तिथली धूळ खरवडते. खरखर दुप्पट आणि गाणं निम्मं. कार्ट्रिज (सुई बसवायचा भाग) बदलायची गरज नसते, पुष्कळ कार्ट्रिजना ७८ची सुई स्वतंत्र मिळते. तबकडीवर पडणारं सुईचं वजन ३ ते ५ ग्रॅमच्या दरम्यान, कंपनीने दिलेल्या मर्यादेत. आवाज मोनोवर ठेवा: या तबकड्यांत गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, दोन्ही चॅनेल एकत्र केले की सुईच्या वर-खाली उड्यांची खरखर बरीचशी आपसांत कटते. टर्नटेबलला ७८चा वेग नसेल तर ४५वर वाजवून संगणकात घ्या आणि १.७३३ पट वेग द्या. कामचलाऊ उपाय आहे, पण चालतो.

भोंग्याच्या किल्लीवाल्या ग्रामोफोनवर वाजवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याच्या साउंडबॉक्सचं (पिन धरणाऱ्या डोक्याचं) वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं आणि लोखंडी पिन एका बाजूला एकच वापरायची. हौसेला एखादी किरकोळ तबकडी लावा. दुर्मीळ पद त्यावर लावाल तर दर वेळी थोडं थोडं पुसलं जाईल. आणि एलपी चुकूनही नको. एका फेरीत संपते.

ठेवताना उभ्या, पुस्तकांसारख्या, जाड कागदी पाकिटात. एकावर एक रचलेल्या तबकड्यांत सगळ्यात खालची तडकते.

संगणकात घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि आधी जशी आहे तशी प्रत जपून ठेवा. सफाई नेहमी दुसऱ्या प्रतीवर. फाइलच्या नावात पद, नाटक, गायक, लेबलवरचा क्रमांक आणि कोणती बाजू एवढं लिहा. ‘जुनं गाणं ३’ अशा नावाच्या फाइलचा सहा महिन्यांनी तुम्हालाही उपयोग नसतो.

लोकांसाठी जालावर चढवायची असेल तर कायदा पाहा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६४ साली निघालेली तबकडी २०२५च्या सुरुवातीला मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. अभिषेकी १९९८ साली गेले, त्यांच्या चाली अजून बरीच वर्षं मोकळ्या होणार नाहीत.

पायरी ८: मग तुलना करा, आधी नको

मूळ पद पाचसहा वेळा ऐकून झाल्यावर त्याच पदाची मैफलीतली आवृत्ती लावा. गवई राग खुलवतो, त्याला वेळ आहे आणि पात्राचं ओझं नाही. त्याच्या आवृत्तीत राग जास्त मिळेल. मात्र एक तपासा: पात्र ज्या शब्दावर अडखळलं होतं तिथे गवई अडखळतो का? बहुधा नाही, आणि ते त्याचं कामही नव्हे. ‘कट्यार’मध्ये ही तुलना जास्त मजेची होते, कारण वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी रंगभूमीवर खाँसाहेब केले आणि चित्रपटातही खाँसाहेबांचा गळा त्यांचाच आहे. ‘घेई छंद’ आजोबांचं आणि नातवाचं असं लागोपाठ लावा. कोण सरस हा वाद बाजूला ठेवून फक्त श्वास कुठे घेतलाय ते मोजा. दोघांच्या श्वासाच्या जागा कागदावर मांडल्या की नाटकाच्या प्रेक्षकासमोर गाणं आणि स्टुडिओतल्या माइकसमोर गाणं यांतला फरक तिथेच दिसतो.

त्यानंतर संयुक्त मानापमानाबद्दल, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’च्या प्रयोगाबद्दल, वाचायला घ्या. ८ जुलै १९२१, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी. त्या रात्रीची तबकडी नाही. पण भामिनीची पदं बालगंधर्वांच्या आवाजात ऐकून झाली असतील, तर त्या प्रयोगाची वर्णनं वाचताना निम्मं नाटक तुम्हाला ऐकू येत असतं.